लांबची वाट

अंतर म्हटले की व्यापारी मनुष्यास प्रथम भाडे आठवते. धान्याच्या गोण्यांसाठी हुंडेकऱ्यांशी किलोमीटरवर घासाघीस करण्यात आमचे आयुष्य गेले. त्यामुळे जवळचा मार्ग तोच लवकरचा, अशी आमची पक्की समजूत. पावसाळ्यात चोर्ल्याचा जवळचा घाट सोडून अनमोडच्या वळशाने पणजीस गेलेली मालमोटार आधी पोहोचल्याचे अनेकदा पाहिले होते, तरी ती सुटली नव्हती.

२०१६ सालच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाहून जावईबापूंचा फोन आला. कन्येची प्रसूती ठरल्या दिवसाच्या आधीच होईल, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. पारपत्र व व्हिसा तयारच होते. आम्ही तडक तिकिटे काढावयास गेलो. तेथील गृहस्थ म्हणाले, एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान ऑक्टोबरपासून अटलांटिक सोडून पॅसिफिक महासागरावरून जाते. जुनी वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची, नवी १५,३०० किलोमीटरांची. चौदाशे किलोमीटरांचा हा फेरा कशासाठी, असे आम्ही जरा रागानेच विचारले. तेव्हा कळले, की जुन्या वाटेस सोळा तासांहून अधिक लागत आणि नवीस साडेचौदा!

कारण वाऱ्याचे आहे. मध्य अक्षांशांवर, तीस ते चाळीस हजार फूट उंचीच्या सुमारास, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा प्रचंड झोत वाहत असतो व हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. अटलांटिकवरून अमेरिकेस जाणारे विमान पश्चिमेस निघते, म्हणजे त्या वाऱ्याच्या तोंडावर चालते. पॅसिफिकच्या वाटेने तोच वारा त्यास पाठीमागून रेटतो. वाचलेल्या तासांचे इंधन वाचते, हे तर आम्हांस कोणी समजावून द्यावयास नको होते. वास्तविक पृथ्वी गोल असल्याने या दोन शहरांतील सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवालगतची. त्या बाजूनेही २०१९ पासून विमान नेण्यात आले.

आम्ही पहाटे निघालो. दिल्लीत दुपार होण्याच्या सुमारास आमच्या खिडकीत सूर्य मावळला. सूर्यास्त कोणत्या गावचा धरावा, असा प्रश्न आम्ही काढला. सौभाग्यवतींनी घड्याळ न पाहता खिडकी पाहिली व फराळाचा डबा बंद केला. उतरलो तेव्हा तेथे त्याच तारखेची पहाट होती. हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे असते, म्हणजे घड्याळाप्रमाणे आमचा प्रवास अवघ्या एका तासाचा झाला. गुडघ्यांचे मत निराळे होते.

विमानतळावरून थेट रुग्णालय गाठले. सौभाग्यवती कन्येच्या उशाशी जाऊन बसल्या आणि तासाभरात नात जन्मास आली. आम्ही बाहेर बाकावर बसून सोळातून साडेचौदा वजा करीत होतो.

परतताना अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच आलो. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली, हे घरी आल्यावर नातवाने पृथ्वीच्या गोलावर बोट फिरवून दाखविले, तेव्हा ध्यानात आले.