खातेजोडणी
एकाच व्यक्तीची दोन निरनिराळ्या संस्थांकडे असलेली संगणकीय खाती तिच्या संमतीने परस्परांशी जोडून, एका संस्थेच्या ॲपला दुसरीकडील ठरावीक माहिती वाचण्याची वा ठरावीक क्रिया करण्याची मुभा देण्याच्या पद्धतीस खातेजोडणी म्हणतात. उदा., घरातील दिव्याला तोंडी आज्ञा द्यावयाची असल्यास आज्ञा ऐकणारी सेवा एका कंपनीची, तर दिवा व त्याचे नियंत्रण करणारा सर्व्हर दुसऱ्या कंपनीचा असतो. ‘दिवा लाव’ ही आज्ञा कोणाच्या घरातील दिव्यासाठी आहे हे कळण्याकरिता दोन्ही खाती एकाच माणसाची आहेत, हे आधी प्रस्थापित व्हावे लागते. या जोडणीचा तांत्रिक भार मोठ्या प्रमाणात त्रयस्थ विकासकावर, म्हणजे मोठ्या मंचाबाहेर राहून त्यासाठी सेवा वा उपकरण तयार करणाऱ्यावर पडतो.

प्रारंभीची पद्धत सरळ, पण धोक्याची होती. जोडू पाहणारी सेवा वापरकर्त्याकडून दुसऱ्या खात्याचा पासवर्डच मागून घेई व तो स्वतःजवळ साठवून ठेवी. एका खोलीतील वस्तू आणण्यासाठी घरच्या किल्ल्यांचा सगळा जुडगा परक्याच्या हाती द्यावा, तसा हा प्रकार होता. दिलेली मुभा काढून घ्यावयाची तर पासवर्ड बदलण्यावाचून उपाय नसे आणि तो बदलला की इतर सर्व जोडण्याही तुटत. यावर तोडगा म्हणून २००७ च्या अखेरीस ‘ओऑथ’ या संकेतनियमाचे पहिले रूप प्रसिद्ध झाले. त्यात पासवर्डाऐवजी ‘टोकन’ नावाचा मर्यादित अधिकाराचा परवाना दिला जातो. ट्विटरने ३१ ऑगस्ट २०१० पासून त्रयस्थ ॲपांना हीच पद्धत सक्तीची केली. ऑक्टोबर २०१२ मध्ये इंटरनेट एंजिनियरिंग टास्क फोर्स या मानक ठरविणाऱ्या मंडळाने ओऑथ २.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. आजची बहुतेक खातेजोडणी तिच्यावर आधारलेली आहे.

कार्यपद्धती : जोडणी मागणारे ॲप वापरकर्त्याला दुसऱ्या संस्थेच्या पानावर पाठविते. तेथे तो स्वतःची ओळख पटवून संमती देतो. संमतीनंतर ती संस्था त्याला एका अल्पजीवी संकेतांकासह परत पाठविते. हा संकेतांक एकदाच वापरता येतो व त्याचे आयुष्य फार तर १० मिनिटांचे असावे, अशी शिफारस आहे. तो सादर केल्यावर टोकन मिळते. टोकनाची मुदत सामान्यतः थोडी असते. ती संपल्यावर नवे टोकन मिळविण्यासाठी दुसरे, दीर्घ मुदतीचे टोकन दिलेले असते. पासवर्ड या सर्व व्यवहारात मागणाऱ्या ॲपच्या दृष्टीस पडत नाही.

ही योजना मुळात संकेतस्थळांसाठी होती; मोबाइलवर आल्यावर तिच्यात दोन अडचणी उद्भवल्या. पहिली म्हणजे, ॲपमध्ये गुपित लपविता येत नाही. सर्व्हरवरील गुप्त किल्ली कुलूपबंद राहते, परंतु ॲप लाखो हातांत जाते आणि कोणीही त्याची उकल करू शकतो. दुसरी अडचण परतीच्या वाटेची. संकेतांक ज्या पत्त्यावर परत यावयाचा, तोच पत्ता फोनमधील दुसऱ्या एखाद्या लबाड ॲपनेही स्वतःच्या नावे नोंदविला, तर संकेतांक मधल्यामध्ये पळविला जाऊ शकतो. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पिक्सी’ या जोडनियमाने यावर मोठा नेटका उपाय दिला. ॲप आरंभी ४३ ते १२८ वर्णांची एक यादृच्छिक अक्षरमाला तयार करते व तिचे केवळ गणिती ठसारूप पुढे पाठविते. संकेतांक वटविताना मात्र मूळ माला दाखवावी लागते. ठशावरून मूळ माला काढता येत नसल्याने चोराच्या हाती संकेतांक पडूनही निरुपयोगी ठरतो. त्याच वर्षी आयओएस ९ व अँड्रॉइड ६.० या प्रणालींमध्ये विशिष्ट संकेतस्थळाचा दुवा त्याच संस्थेच्या ॲपमध्ये उघडण्याची सोय झाली. त्यासाठी संस्थेने आपल्या संकेतस्थळावर ॲपची ओळख सांगणारी धारिका ठेवावी लागते. त्यामुळे पत्त्याची खोटी नोंदणी अवघड झाली.

तरीही वापरकर्त्याचा त्रास उरला होताच. दिव्याच्या ॲपमध्ये तो कायम प्रवेश केलेला असतो. पण जोडणी ब्राउझरमधून होत असल्याने तेथे त्याला कधीकाळी ठरविलेला व आता विसरलेला पासवर्ड पुन्हा द्यावा लागे. येथेच अनेकजण प्रयत्न सोडून देत असणार. म्हणून ॲपमधून थेट दुसऱ्या ॲपमध्ये नेण्याची पद्धत रूढ झाली. गूगलच्या ‘ॲप फ्लिप’ या योजनेत गूगलचे ॲप त्रयस्थाचे ॲप उघडते, वापरकर्ता तेथे केवळ संमतीचे बटन दाबतो आणि संकेतांक घेऊन परत येतो. अँड्रॉइडवर ही हाक खरोखर गूगलच्याच ॲपकडून आली आहे, हे विकासकाने त्याच्या अंकीय सहीवरून पडताळावयाचे असते. ही पडताळणी गाळल्यास सारी सोय चोराच्याच उपयोगी पडेल. फोनमध्ये ते ॲप नसेल, तर ब्राउझरची जुनी वाट उपलब्ध राहते, म्हणून विकासकाला दोन्ही वाटा सांभाळाव्या लागतात. संकेतांक वटविण्याचे काम मंचाचा सर्व्हर करीत असल्याने गुप्त किल्ली फोनवर येत नाही.

धोके : एप्रिल २००९ मध्ये ओऑथच्या पहिल्या रूपात एक गंभीर दोष उघड झाला. हल्लेखोर जोडणीचा आरंभ स्वतः करी आणि संमतीचा दुवा दुसऱ्याला धाडी. त्या भाबड्या माणसाने संमती दिली की त्याचे खाते हल्लेखोराच्या खात्याला जोडले जाई. जून २००९ मधील सुधारित आवृत्तीत ज्याने आरंभ केला त्यानेच शेवट केला आहे, हे तपासण्याची व्यवस्था झाली. टोकनच चोरीला गेल्यास पासवर्ड सुरक्षित असूनही उपयोग होत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या एका सुविधेतील चुकांमुळे, कंपनीच्या सुधारित अंदाजानुसार, सु. ३ कोटी वापरकर्त्यांची टोकने चोरली गेली व खबरदारी म्हणून सु. ९ कोटी खात्यांची टोकने रद्द करावी लागली.

जोडणी करणे जितके सुलभ झाले, तितके ती तोडणे झालेले नाही. फोनमधून ॲप काढून टाकल्याने टोकन आपोआप रद्द होत नाही. ते सर्व्हरवर जिवंत राहू शकते. टोकन रद्द करण्याची प्रमाणित रीत ऑगस्ट २०१३ मध्ये ठरली, परंतु ओऑथचा अवलंब करणाऱ्या प्रत्येक सेवेवर ती बंधनकारक नाही. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये नियम घालून दिलेल्या व सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्यक्षात आलेल्या ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ व्यवस्थेत या बाजूचा विचार अधिक दिसतो. बँकेतील माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे नेणाऱ्या या मध्यस्थाला ती स्वतः साठविता येत नाही. संमतीमध्ये माहितीचे स्वरूप आणि तिचा हेतू नमूद करावा लागतो व दिलेली संमती ग्राहकाला मागे घेता येते.