जुन्या पिकअपला नवीं चाकें

पुष्कळ शेतकरी बंधु आतां शेतमाल बाजारांत नेण्यासाठीं स्वतःची पिकअप गाडी बाळगतात. गाडी जुनी झाली म्हणजे चाकें गंजतात, त्यांचे कांठ वांकतात. अशा वेळीं त्याच कंपनीच्या नव्या बनावटीचीं, कारखान्यांतून निघालेलीं चाकें स्वस्तांत मिळालीं तर तीं घेण्याचा मोह होतो. हा मोह सर्वस्वीं वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ‘कंपनी एकच, भोंकें तितकींच, तेव्हां चाक बसेलच’ हा समज मात्र घातक आहे. बैलगाडीचें चाक घेतांना तुंबा आंसाला बसतो कीं नाहीं हें आपण पाहतोंच. मग पंधरा क्विंटल कांदा घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीविषयीं ही दक्षता कां नसावी?

हा समज कसा फसवितो हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसेल. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीच्या एफ-१५० या पिकअपच्या १९९६ पर्यंतच्या चाकांस पांच भोंकें असून तीं १३९.७ मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर होतीं. १९९७ सालच्या नव्या बनावटींत भोंकें पांचच राहिलीं, पण वर्तुळ १३५ मि.मी. झालें. फरक अवघा ४.७ मि.मी.चा, डोळ्यांस न दिसणारा. पण चाक जबरीनें बसविल्यास बोल्ट वांकतात, नट आपल्या खोबणींत बसत नाहींत, व चालतां चालतां चाक ढिलें होतें. २००४ सालच्या नव्या बनावटीपासून भोंकें सहा झालीं. पुढें २०१५ सालीं भोंकें व वर्तुळ तेंच राहिलें, पण बोल्टाच्या आट्यांतील अंतर २ मि.मी. होतें तें १.५ मि.मी. झालें. म्हणजे चाक बसेल, परंतु त्याबरोबर आलेले नवे नट जुन्या बोल्टावर आवळल्यास आटे जातील.

आपल्याकडील गाडी कोणतीहि असो, पुढील मापें घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत.

पहिलें माप भोंकांच्या वर्तुळाचें. सहा भोंकें असल्यास समोरासमोरील दोन भोंकांच्या मध्यांतील अंतर मोजावें. पांच असल्यास शेजारच्या दोन भोंकांच्या मध्यांतील अंतर मोजून त्यास १.७०१ नें गुणावें. तें अंतर ८२.१ मि.मी. भरल्यास वर्तुळ १३९.७ चें, व ७९.४ भरल्यास १३५ चें समजावें.

दुसरें माप मधल्या मोठ्या भोंकाचें. तें गाडीच्या हबपेक्षां लहान असल्यास चाक बसणारच नाहीं. मोठें असल्यास व चाक हबवर तोलणारें असल्यास योग्य मापाची कडी घालावी लागते.

तिसरें व बहुधा दुर्लक्षिलें जाणारें माप म्हणजे ऑफसेट. चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून तें हबवर टेंकतें त्या पृष्ठापर्यंतचें अंतर. समजा, जुनें चाक ६ इंच रुंद व ऑफसेट शून्य. नवें ८ इंच रुंद व ऑफसेट अधिक ३० मि.मी. तर रुंदीमुळें सुमारें २५ व ऑफसेटमुळें ३०, मिळून ५५ मि.मी. नवें चाक आंत सरकेल. तेवढी जागा पाटे व स्टीअरिंगचे दांडे यांपासून नसल्यास टायर घांसून फाटेल. मध्यें जाड चकती घालून चाक बाहेर काढण्याची युक्ति कांहीं कारागीर सुचवितात. पण त्यानें बेअरिंगवरील ताण वाढतो. भार वाहणाऱ्या गाडीस ती आम्हांस पसंत नाहीं.

चौथी गोष्ट भाराची. चाकावरील व टायरवरील भारक्षमता गाडीच्या भरल्या वजनास पुरेशी हवी. टायरचा व्यास शेंकडा ५ नें वाढल्यास घड्याळांत ताशीं ६० कि.मी. दिसतांना गाडी वस्तुतः ६३ नें धांवत असते.

चाकें बसविल्यावर नट तिरपे, समोरासमोर आळीपाळीनें आवळावेत, व ८० ते १०० कि.मी. चालल्यावर पुन्हां तपासावेत.

नोंदणी-पुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत फेरफारास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चें कलम ५२ आडवें येतें, व अपघात झाल्यास विम्याचाहि वाद निघूं शकतो. सबब टायरचें माप बदलत असल्यास परिवहन कार्यालयांत आधीं विचारणा करावी. वरील मापांपैकीं एकहि जुळत नसेल तर चाकें कितीहि स्वस्त असोत, तीं परत करावीं अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.