संकेतस्थळाची रचना : साधेपणा आणि वापरसुलभता

संकेतस्थळाच्या संदर्भात ‘साधेपणा’ हा शब्द बहुधा दृश्य स्वरूपापुरता वापरला जातो. मोजके रंग, थोडी चित्रे व भरपूर मोकळी जागा म्हणजे साधी रचना, असा समज रूढ आहे. वापरसुलभता ही संकल्पना याहून भिन्न होय. आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या १९९८ च्या आवृत्तीनुसार विशिष्ट वापरकर्त्यांना, विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट उद्दिष्टे परिणामकारकपणे, कार्यक्षमतेने व समाधानपूर्वक साध्य करता येणे म्हणजे वापरसुलभता. या व्याख्येचा भर ‘विशिष्ट’ या शब्दावर आहे. पृष्ठ कोण, कशासाठी व कोठे वापरणार, हे ठरल्याशिवाय ते सुलभ आहे की नाही, हे सांगता येत नाही.

गूगलचे मुखपृष्ठ साधेपणाचा आदर्श म्हणून नेहमी सांगितले जाते. परंतु तेथे मुख्य काम एकच असते. जेथे कामे अनेक असतात, तेथे सर्व दुवे तीन आडव्या रेघांच्या खुणेमागे दडवले, तर पृष्ठ साधे दिसते आणि काम मात्र अवघड होते.

या दृष्टीने ब्रिटिश शासनाचे ‘गव्ह डॉट यूके’ हे संकेतस्थळ अभ्यासण्याजोगे आहे. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी त्याने ‘डायरेक्टगव्ह’ व ‘बिझनेस लिंक’ या दोन जुन्या संकेतस्थळांची जागा घेतली. लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०१३ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट रचनेचा पुरस्कार दिला. त्याच्या पृष्ठांवर नेत्रसुखद असे फारसे काही नाही. सार्वजनिक सुट्ट्यांच्या पृष्ठावर पुढील सुट्टीची तारीख सर्वप्रथम ठळक अक्षरांत दिसते. संपूर्ण यादी त्यानंतर येते. जन्मतारखेसाठी दिनदर्शिका उघडत नाही. दिवस, महिना व वर्ष यांसाठी तीन चौकटी असतात, कारण पाठ असलेली तारीख टंकित करणे हे अनेक दशके मागे सरकत जाण्यापेक्षा सोपे असते. प्रत्येकाचे नाव ‘पहिले नाव – आडनाव’ या साच्यात बसत नाही, याचीही दखल तेथील मार्गदर्शक सूचनांनी घेतली आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीनपदी नाव लिहिणाऱ्या मराठी माणसाला परदेशी साच्याचे अर्ज भरताना होणारी अडचण नेमकी हीच आहे.

आपल्या महाविद्यालयांच्या संकेतस्थळांचा प्रश्न मात्र अर्जाच्या चौकटींच्याही आधी सुरू होतो. नॅकच्या मूल्यांकनासाठी अहवाल संकेतस्थळावर ठेवावे लागल्यामुळे अनेक ठिकाणी मुख्य सूची निकषांच्या क्रमानेच तयार झाली. परीक्षक समितीला ती सोयीची असेलही. पण प्रवेश शुल्क शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ‘निकष २’ या शब्दांतून काहीच बोध होत नाही. त्यातच शुल्कपत्रक हे कागदाचे तिरके छायाचित्र असेल, तर शोधयंत्रालाही ते सहज सापडत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचक-प्रणालीलाही ते वाचता येत नाही.

असे दोष शोधण्यास मोठा खर्च लागत नाही. जेकब निल्सन यांनी २००० मध्ये असे मांडले, की एकाच वेळी पंधरा जणांची चाचणी घेण्याऐवजी पाच-पाच जणांच्या तीन चाचण्या घ्याव्यात व प्रत्येक चाचणीनंतर रचना दुरुस्त करावी. प्रथम वर्षाच्या पाच विद्यार्थ्यांना त्यांच्याच मोबाइलवर शुल्काची रक्कम शोधावयास सांगून, मध्ये न बोलता पाहत राहणे, हे कोणत्याही विभागाला एका तासिकेत करता येण्यासारखे आहे.