दुरून संगणक सांभाळताना : योग्य साधनाची निवड

संगणकापासून दूर बसून त्याच्याकडून काम करवून घेण्याची कल्पना नवी नाही. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील हॅनोव्हर या गावी, डार्टमथ महाविद्यालयात, गणितज्ञांची परिषद भरली होती. तेथे जॉर्ज स्टिबिट्झ यांनी एक टेलिप्रिंटर मांडून ठेवला. उपस्थितांनी त्यावर संमिश्र संख्यांची उदाहरणे टंकित करावयाची. ती तारेवरून न्यूयॉर्कमधील बेल प्रयोगशाळेच्या गणकयंत्राकडे जावयाची आणि थोड्याच वेळात उत्तर त्याच टेलिप्रिंटरवर उमटावयाचे. यंत्र एकीकडे आणि ते चालविणारा दुसरीकडे, अशी व्यवस्था विद्वानांच्या त्या सभेने प्रत्यक्ष पाहिली.

आज हीच व्यवस्था नित्याची झाली आहे. बँका, विद्यापीठे, कारखाने यांच्या निरनिराळ्या गावच्या कार्यालयांत मिळून शेकडो संगणक असतात. एखाद्या शाखेतील लेखनिकाचा प्रिंटर चालेनासा झाला, की प्रत्येक वेळी तंत्रज्ञाने तेथवर प्रवास करणे परवडत नाही. म्हणून तो आपल्या जागीच बसून लेखनिकाच्या संगणकाचा पडदा स्वतःच्या पडद्यावर पाहतो आणि दोष दुरुस्त करतो. यासाठी लागणारी सॉफ्टवेअर बाजारात पुष्कळ आहेत. त्यांतील कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता किमतीचा वाटतो. वस्तुतः कार्यालयातील प्रत्येक संगणकाची किल्ली कोणाच्या हाती द्यावयाची, असा तो प्रश्न आहे.

पडदा दूर कसा दिसतो?

सामान्य संगणकाच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगावयास २४ बिट लागतात. तेव्हा एका चित्राचे सुमारे ५ कोटी बिट झाले. सेकंदाला अशी ३० चित्रे पाठवावयाची म्हटली तर सुमारे १५० कोटी बिट होतात. एवढा भार साध्या इंटरनेट-जोडणीला पेलणारा नाही. यावर उपाय असा की, पडद्याचा जेवढा भाग बदलला असेल तेवढाच, तोही संक्षिप्त रूपात, पाठवावयाचा. उलट दिशेने केवळ कळफलकाच्या कळा आणि माऊसच्या हालचाली जातात. त्यांचा भार नगण्य असतो.

या कामाच्या दोन पद्धती प्रसिद्ध आहेत. केंब्रिज येथील ऑलिव्हेटी व ओरॅकल यांच्या संशोधनशाळेत तयार झालेली व्हीएनसी ही पद्धत १९९८ साली सर्वांना मुक्त करण्यात आली. ती पडद्याकडे निव्वळ चित्र म्हणून पाहते. त्यामुळे विंडोज, लिनक्स, मॅक अशा कोणत्याही प्रणालीवर चालते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४ च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आरडीपी ही पद्धत आणली. ‘येथे रेषा काढ, तेथे अक्षर लिही’ अशा स्वरूपाच्या आज्ञा पाठविण्यावर तिचा मूळ भर होता.

निवडीच्या दृष्टीने या दोहोंत एक व्यावहारिक भेद आहे. कार्यालयातील साध्या विंडोज संगणकाशी आरडीपीने जोडणी केली, की त्या संगणकापुढे बसलेल्या माणसाचा पडदा कुलूपबंद होतो. स्वतःच्या संगणकावर घरून काम करणाऱ्यास ते सोयीचेच आहे. परंतु लेखनिकाला चूक दाखवून द्यावयाची असेल, तर दोघांना एकच पडदा दिसला पाहिजे. अशा वेळी व्हीएनसी, विंडोजमधील रिमोट असिस्टन्स, किंवा जर्मनीत निर्माण झालेली टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क यांसारखी साधने उपयोगी पडतात.

येथे अंतराचाही विचार करावा लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दिल्ली आणि चेन्नई यांमध्ये सरळ रेषेत सुमारे १,७५० किलोमीटर अंतर आहे. तेव्हा दिल्लीत दाबलेल्या कळीचा परिणाम चेन्नईतील संगणकावर होऊन परत दिल्लीत दिसावयास किमान १७ ते १८ सहस्रांश सेकंद लागणारच. मार्ग वळणाचे असतात आणि वाटेत यंत्रेही असतात, म्हणून प्रत्यक्षात वेळ याहून अधिक जातो. हा विलंब कोणतेही सॉफ्टवेअर नाहीसा करू शकत नाही. जाहिरातीतील वेगाच्या दाव्यांची परीक्षा म्हणूनच आपल्या सर्वांत मंद जोडणीवर करावी.

जोडणीची वाट

बहुतेक कार्यालयांतील संगणक राउटरच्या आड असतात. बाहेरून त्यांच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. ही अडचण तीन प्रकारे सोडविता येते.

पहिला प्रकार म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी एक दार, म्हणजे पोर्ट, उघडे ठेवणे. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग होय. मे २०१९ मध्ये विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतील आरडीपी-सेवेत ‘ब्लूकीप’ नावाचा दोष उघडकीस आला. त्याचा लाभ घेणाऱ्यास पासवर्डची गरजच नव्हती. दोष इतका गंभीर होता की, विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ मध्येच थांबविली असतानाही मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी दुरुस्ती प्रसिद्ध केली.

दुसऱ्या प्रकारात दोन्ही संगणक आपण होऊन एका मध्यस्थ सर्व्हरला हाक घालतात आणि तो त्यांची गाठ घालून देतो. यात दार उघडावे लागत नाही; परंतु मध्यस्थावर विश्वास ठेवावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्क कंपनीने स्वतःच्याच यंत्रणेत परक्यांचा शिरकाव झाल्याचे जाहीर केले आणि सुरक्षेची प्रमाणपत्रे बदलावयास घेतली.

तिसरा मार्ग म्हणजे असा सर्व्हर स्वतःच्या जागेत ठेवणे, किंवा व्हीपीएन या खाजगी जोडणीतूनच प्रवेश देणे. येथे परावलंबन कमी होते. मात्र सर्व्हरची दुरुस्ती वेळच्या वेळी करण्याची जबाबदारी स्वतःवर येते. ती जबाबदारी किती मोठी असते, हे पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल.

स्वीडनमधील बंद दुकाने

२ जुलै २०२१ रोजी कासेया कंपनीच्या व्हीएसए या सॉफ्टवेअरमधील दोषाचा फायदा घेऊन खंडणीखोरांनी हल्ला केला. अनेक ग्राहकांचे संगणक दुरून सांभाळणाऱ्या कंपन्या हे सॉफ्टवेअर वापरीत असत. दोष होता तो या कंपन्यांनी आपापल्या जागेत ठेवलेल्या सर्व्हरमध्ये. डच संशोधकांनी तो एप्रिलमध्येच कळविला होता आणि दुरुस्तीचे काम चालू होते. परंतु हल्लेखोर आधी पोहोचले. कासेयाच्या सांगण्याप्रमाणे तिच्या थेट ग्राहकांपैकी साठाहून कमी कंपन्या यात सापडल्या. पण त्यांच्यामार्फत सुमारे १,५०० संस्थांपर्यंत झळ पोहोचली. स्वीडनमधील को-ऑप या दुकानसंस्थेने कासेयाचे सॉफ्टवेअर घेतलेही नव्हते. तिची बिले करणारी यंत्रे सांभाळणाऱ्या कंपनीमार्फत संकट आले आणि सुमारे ८०० दुकानांपैकी बहुतेकांची दारे दुसऱ्या दिवशी बंद राहिली.

जे साधन एका आज्ञेने हजार संगणक दुरुस्त करते, ते चोराच्या हाती पडल्यास एका आज्ञेने हजार संगणक बिघडवू शकते. दुरुस्तीचे सामर्थ्य आणि धोक्याचे प्रमाण ही येथे बरोबरच वाढतात.

निवडण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न असा की, मदत माणसाच्या उपस्थितीत द्यावयाची आहे की अनुपस्थितीत? लेखनिक समोर असेल तर त्याने ‘परवानगी आहे’ असे म्हटल्यावाचून पडदा दिसू नये. रात्री रिकाम्या कार्यालयातील संगणकांची देखभाल करावयाची असेल तर कायमचा प्रवेश लागतो. तो मोजक्या संगणकांवर, मोजक्या व्यक्तींना आणि पासवर्डाखेरीज दुसरा पुरावा घेऊनच द्यावा.

दुसरा प्रश्न नोंदींचा. कोण, केव्हा, कोणत्या संगणकात शिरला आणि कोणत्या फायली हलविल्या, हे मागाहून कळले पाहिजे. भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर-घटनांची माहिती ६ तासांत कळविणे बंधनकारक करण्यात आले. ज्या साधनाला नोंदी ठेवता येत नाहीत, ते मोफत मिळाले तरी कार्यालयाच्या उपयोगाचे नाही.

तिसरा प्रश्न प्रत्यक्ष कामाचा. विंडोज जेव्हा प्रशासकाचा पासवर्ड मागते, तेव्हा पुरेसा अधिकार नसलेल्या साधनाला ती चौकट दिसतच नाही. संगणक पुन्हा सुरू केल्यावर जोडणी आपोआप परत येते काय, हेही पाहावे. जो संगणक सुरूच होत नाही, त्याच्यापुढे असे सॉफ्टवेअर हतबल ठरते; तेथे अखेर माणूसच पाठवावा लागतो.

चौथा प्रश्न किमतीचा. काही कंपन्या तंत्रज्ञांच्या संख्येवर, तर काही संगणकांच्या संख्येवर आकारणी करतात. चार तंत्रज्ञ आणि तीनशे संगणक असलेल्या संस्थेने दोन्ही हिशेब मांडून पाहिल्याखेरीज करार करू नये.

शेवटी, उत्तमातले उत्तम साधनही माणसाच्या भोळेपणापुढे निरुपाय ठरते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एका फसवणुकीविषयी सावध केले. भामटे लोकांना एनीडेस्क घ्यावयास लावून त्यावरील अंक विचारून घेत आणि मग त्यांच्या फोनवरून पैसे काढीत. तेथे सॉफ्टवेअरमध्ये दोष नव्हता. दार आतूनच उघडले जात होते. म्हणून कार्यालयात एक साधा नियम असावा : मदतीचा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि तंत्रज्ञाच्या ठाऊक असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करून घ्यावी.

निवड पक्की करण्यापूर्वी सर्वांत जुना संगणक आणि सर्वांत मंद जोडणी घेऊन पंधरा दिवस साधन वापरून पाहावे. त्या पंधरवड्यात आणखी एक परीक्षा अवश्य करावी. नोकरी सोडून जाणाऱ्या तंत्रज्ञाचे सर्व संगणकांवरील प्रवेश त्याच दिवशी रद्द करता येतात किंवा नाही, हे पाहावे. ज्या साधनाला हे जमत नाही, त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देऊ नये.