८४ सेकंद आणि दोनशेवं सोनं

७ ऑगस्ट २०१६, रिओ. ज्युदोच्या ६६ किलो गटाची अंतिम लढत. एका बाजूला दक्षिण कोरियाचा आन बाऊल, आदल्या वर्षीचा जगज्जेता आणि क्रमवारीत पहिला. समोर इटलीचा २१ वर्षांचा फाबिओ बाझिले. लढत पाच मिनिटांची. पण १ मिनिट २४ सेकंदांतच आनची पाठ मॅटला लागली. पंचांनी हात उंचावला: इप्पॉन! कुस्तीच्या भाषेत चितपट. मग गुणांची बेरीज कोण बघतो?

गंमत म्हणजे उन्हाळी ऑलिंपिकमधलं इटलीचं हे २००वं सुवर्ण. तलवारबाजी आणि सायकलिंग गाजवणाऱ्या देशात हा मान पटकावला ज्युदोने! त्याच दिवशी ५२ किलो गटात ओडेट जुफ्रिडाने रौप्यही आणलं.

बाझिले तुरिनजवळच्या रिव्होलीचा. घडला सेत्तिमो तोरिनेझेच्या क्लबात, ज्याचं नाव चक्क जपानी: आकियामा.

सुवर्णानंतर टीव्हीने त्याला उचललं. २०१७मध्ये तो 'बाल्लांदो कोन ले स्टेल्ले' या शोमध्ये नाचला. २०१८मध्ये गेला 'ग्रांदे फ्रातेल्लो व्हिप'च्या घरात. या नावातल्या पहिल्या दोन शब्दांचा अर्थ 'मोठा भाऊ'. आपला 'बिग बॉस' ज्या साच्यातून निघाला, त्याच साच्यातला हा शो.

मला मात्र त्याचं मोठं धाडस वेगळंच वाटतं. ज्या वजनात जग जिंकलं, तेच सोडून तो ७३ किलो गटात गेला. म्हणजे अंगाने थोराड प्रतिस्पर्धी आणि सगळं पहिल्यापासून. टोकियोत पदक हुकलं. ऑलिंपिकला एका गटात एका देशाचा एकच खेळाडू जातो, आणि पॅरिसच्या वेळी ती जागा मानुएल लोम्बार्दोला मिळाली. तोही आकियामाचाच! ऑलिंपिक विजेत्याची वाट घरच्याच क्लबातल्या पोराने अडवावी, यावरून त्या क्लबातला सराव कसा असेल ते ओळखा.

आता कॅलेंडर काढा. २००० सिडनी, पिनो माद्दालोनी. २००८ बीजिंग, जुलिया क्विंतावाल्ले. २०१६ बाझिले. २०२४ पॅरिस, ७८ किलो गटात अलिचे बेल्लांदी. बरोबर आठ-आठ वर्षांनी इटलीला ज्युदोचं सोनं, आणि मधल्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये नुसती कांस्यं!

या सगळ्यांच्या आधी, १९८०ला मॉस्कोत, एझिओ गाम्बाने इटलीला ज्युदोचं पहिलं सुवर्ण दिलं होतं. तो ब्रेशाचा, आणि बेल्लांदीही ब्रेशाचीच. ती वाढली शेजारच्या रोन्कादेल्लेत. या छोट्याशा गावाने पॅरिसमधून तीन सुवर्णविजेते घरी नेले: ज्युदोत बेल्लांदी, कयाकमध्ये जोव्हान्नी दे जेन्नारो आणि व्हॉलीबॉल संघाची कर्णधार आन्ना दानेझी.