शेजारचा कुत्रा रात्रभर भुंकतो. दाद कुठे मागायची?

कुत्रा किती वेळ भुंकला म्हणजे गुन्हा, हे सांगणारा वेगळा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. म्हणून काटोलकरांनी कानात बोळे घालून झोपावे, असेही नाही.

आवाज : ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल. ती १० डेसिबलने ओलांडली, की तक्रार करता येते.

पाळीव कुत्रा : सार्वजनिक उपद्रवाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कुत्रा अंगावर धावून जाणारा असूनही मालकाने काळजी घेतली नाही, तर कलम २९१ : सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उपद्रव थांबवण्याचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात.

मोकाट कुत्री : जबाबदारी नगरपरिषदेची. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि कुत्रे पकडले तिथेच सोडायचे. कानाला खाच दिसली, तर नसबंदी झाली असे समजावे.

खाऊ घालणे : उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये रस्त्यावर खाऊ घालणाऱ्यांना दंड लावण्याचा आदेश दिला, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दंडाच्या कारवाईला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने नेमून दिलेल्या जागीच खाऊ घालण्याचे बंधन घातले.

तक्रार लेखीच द्या, त्रासाच्या तारखा-वेळा नोंदवा आणि पोच घ्यायला विसरू नका.