हिरव्या रंगाची ग्वाही

कोलकात्यातील 'एस्प्लनेड' हे नाव मूळचे लष्करी आहे. किल्ल्याच्या तटासमोर शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून मोकळी राखलेली सपाट जमीन, असा या शब्दाचा अर्थ. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधावयास घेतला आणि तोफांच्या माऱ्यासाठी भोवतालचे रान व वस्ती हटवून विस्तीर्ण मैदान मोकळे केले. मुंबईतही कोटाबाहेर अशीच एस्प्लनेड होती. आझाद, क्रॉस आणि ओव्हल ही मैदाने तिचेच अवशेष होत. एकेकाळी युद्धाच्या गरजेतून राखलेली ती हिरवळ आज शहराचा विसावा झाली आहे. रंग तोच राहिला, अर्थ मात्र पालटला. हिरव्या रंगाचे मानसशास्त्र समजून घेताना ही गोष्ट ध्यानी ठेवणे उपयुक्त ठरते.

एस्प्लनेडच्या भूगर्भात या रंगाला आणखी एक अर्थ लाभला आहे. देशातील पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी येथूनच भवानीपूरपर्यंत धावली. आज तो मार्ग 'ब्लू लाइन' म्हणून ओळखला जातो, तर हुगळीच्या पात्राखालून हावड्याकडे जाणारी, २०२४ मध्ये येथे पोहोचलेली मार्गिका 'ग्रीन लाइन' म्हणून. येथे हिरवा रंग शांतता किंवा समृद्धी सुचवीत नाही. तो केवळ दिशा सांगतो.

डोळा आणि मन

हिरव्या रंगाचे एक सामर्थ्य निसर्गदत्त आहे. भरपूर उजेडात मानवी डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे पोपटी छटेच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. अंधूक उजेडात हा बिंदू सुमारे ५०७ नॅनोमीटरवर, निळसर हिरव्याकडे सरकतो. आंतरराष्ट्रीय सुरक्षाचिन्हांच्या संकेतानुसार संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग आणि प्रथमोपचार यांच्या पाट्या हिरव्या असतात. धोक्याच्या लाल रंगापासून त्या सहज वेगळ्या ओळखता येतात.

दुसरे सामर्थ्य संस्कारातून येते. मराठी मनात हिरवा रंग म्हणजे श्रावणातली शेते आणि नववधूचा हिरवा चुडा. उगवण, सौभाग्य, भरभराट हे सारे भाव त्यात एकवटले आहेत.

तिसरे सामर्थ्य मात्र निव्वळ संकेताचे आहे. प्रारंभीच्या काळात रेल्वेमध्ये पांढरा दिवा 'मार्ग मोकळा' आणि हिरवा दिवा 'सावधान' असे सांगत असे. परंतु लाल दिव्याची काच फुटली की आतील पांढरा उजेड दिसे आणि 'थांबा'चे 'पुढे चला' होई. हा धोका ओळखून मोकळ्या मार्गासाठी हिरवा रंग स्वीकारला गेला. शेअर बाजाराचेही तसेच आहे. आपल्याकडे भाव चढल्याचे हिरव्या अंकांनी दाखवितात. चीन व जपानमध्ये चढत्या भावांना लाल रंग असतो.

केवळ रंग पुरेसा नाही

लाल आणि हिरव्यातील भेद ज्यांना स्पष्ट जाणवत नाही, अशा व्यक्ती समाजात थोड्या नाहीत. पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांहून बरेच अधिक असते. म्हणून उत्तम संकल्पनाकार रंगाला नेहमी दुसऱ्या खुणेची जोड देतो. अनेक एटीएमच्या कळफलकांवर व्यवहार पक्का करणाऱ्या हिरव्या कळीवर वर्तुळ, तर तो रद्द करणाऱ्या लाल कळीवर फुली असते. पाचच्या कळीवरील उंचवटा बोटांना जागा दाखवितो. पाचशे रुपयांच्या चलनी नोटेतही हेच तत्त्व आहे. नोट तिरपी करताच तिच्यातील सुरक्षा धाग्याचा रंग हिरव्यातून निळा होतो. दृष्टिबाधितांसाठी कडेला उठावाच्या रेघा व वर्तुळ आहे.

हिरव्या रंगावरील विश्वास किती नाजूक असतो, हे संगणकाच्या पडद्यावर दिसून आले. ब्राउझरमधील हिरवे कुलूप पाहून संकेतस्थळ खरे आहे, असा अनेकांचा समज होत असे. वास्तविक ते कुलूप एवढेच सांगे की, पाठविलेली माहिती मार्गात कोणाला वाचता येणार नाही. माहिती घेणारा प्रामाणिक आहे की नाही, याची हमी त्यात नव्हती आणि बनावट संकेतस्थळांनाही असे कुलूप मिळत असे. गूगलच्या क्रोम ब्राउझरने २०१८ मध्ये तो हिरवा रंग काढून टाकला आणि २०२३ मध्ये संगणकावरील कुलपाचे चिन्हही बदलले.

अनोळखी संदेशातील हिरवी बरोबरची खूण किंवा 'पैसे जमा झाले' असे दाखविणारा हिरवा पडदा यांचेही तसेच आहे. असे चित्र कोणालाही तयार करता येते. दुकानदाराने माल हाती देण्यापूर्वी आपल्या खात्यातील प्रत्यक्ष नोंद पाहावी. ग्राहकाने संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. हिरवा रंग मनाला आश्वस्त करतो, हे त्याचे सामर्थ्य खरेच. पण व्यवहाराची ग्वाही रंगाने नव्हे, तर खात्यातील नोंदीने मिळते.